डबकं सुकलं की आमचं

आयुष्यात माझ्या एकाही तक्रारीची कधी कोणी दखल घेतली नव्हती आणि माझं त्यावर अगदी छान चाललं होतं. गल्लीतला मिणमिणता दिवा, जिन्यातला वास, वर्तमानपत्रातलं चुकीचं शब्दकोडं, कशावरही मी संबंधितांना पत्र लिहीत असे. विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारींना 'आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे' अशी उत्तरं लिहिणं हे माझं काम. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी आपणही कोणाकडे तरी तक्रार करावी असं माणसाला वाटणारच. पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पेटीत टाकलं की मला गाढ झोप लागते. उत्तराची अपेक्षा मी कधी ठेवली नाही. "याच्यापेक्षा तुम्हाला विडीचं व्यसन असतं तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं," असं आमची ही म्हणते.

तर ते डबकं. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक अरुंद गल्ली आहे आणि गल्लीपलीकडे तारेचं कुंपण घातलेली बालवर्गाची शाळा. कुंपणाच्या बरोबर खाली सिमेंट खचून एक खोलगट जागा झाली होती. काठ सिमेंटचा, तळ चिखलाचा, अर्धा भाग शाळेच्या अंगणात आणि अर्धा गल्लीत. पाऊस संपून गेला तरी पाणी तिथे ठाण मांडून होतं. एके दिवशी, साहेबांनी मला मुद्दाम बोलावलेलं असताना, एका स्कूटरवाल्यानं ते डबकं उचलून माझ्या नव्या पँटवर ठेवलं. मी तशाच अवस्थेत साहेबांसमोर उभा राहिलो. साहेबांनी फक्त खुर्ची मागे घेतली.

त्या संध्याकाळी मी रस्ते खात्याला जे पत्र लिहिलं, ते माझ्या मते माझ्या आजवरच्या पत्रांत सर्वांत सरस होतं. त्यात डासांची पैदास होती, नागरिकांचं आरोग्य होतं आणि 'वृद्ध, स्त्रिया व बालके' हेही होतं. वृद्ध म्हणजे शेजारचे काका आणि स्त्रिया म्हणजे आमची ही. बालके मी नुसतं वजन यावं म्हणून घातलं होतं. पत्र टाकलं आणि विसरून गेलो.

विसरायला कारणही तसंच होतं. आमची बिट्टी त्याच शाळेत जायला लागली होती.

बिट्टी घरात अखंड बोलते. दात घासताना बोलते, झोपेत बोलते, पोळीशी आणि बादलीशीही बोलते. पण शाळेच्या फाटकाशी आली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. रोज सकाळी ती माझ्या पायाला अशी मिठी मारायची की मला एक पाय ओढत फाटकापर्यंत जावं लागे. इतर मुलांच्या आया माझ्याकडे दयेनं बघत. आत गेल्यावर मात्र ती रडायची नाही, हसायची नाही आणि बोलायची तर मुळीच नाही. "वर्गात अजून एक शब्द बोलली नाहीये," बालवर्गाच्या ताई म्हणाल्या, "पण बघते हं. खूप बघते."

शेजारच्या काकांना हे कळल्यावर त्यांनी लगेच सल्ला दिला. निवृत्त झाल्यापासून काका दुसरं काही करत नाहीत. "रोज आरशासमोर बसवा आणि मोठ्यानं आकडे म्हणायला लावा," ते म्हणाले, "माझा धाकटा असाच घुमा होता. आता बघा." काकांचा धाकटा आता कोणाचंच ऐकून घेत नाही, त्यामुळे मी तो उपाय केला नाही. पण काळजी होतीच. मीही लहानपणी असाच होतो, आणि न बोललेलं सगळं मोठेपणी मी पत्रांतून लिहितो हे मला चांगलं माहीत आहे. पोरीचं तसं होऊ नये एवढंच मला वाटत होतं.

आणि मग एक दिवस बिट्टी शाळेतून उड्या मारत आली. "बाबा, आमचं एक डबकं आहे!"

ताईंनी वर्गाला ते डबकं दाखवलं होतं. रोज सकाळी सगळी पोरं कागद आणि रंगीत खडू घेऊन त्याच्याभोवती पालथी पडतात, नुसती बघतात आणि दिसेल ते काढतात. पाण्यावर धावणारे किडे. चतुर. शेपटी हलवत येणारा परीट पक्षी. पाण्यात उलटं दिसणारं कुंपण आणि त्याच्या खाली आकाश. बघायच्या वेळी बोलायचं नाही असा नियम, आणि हा नियम बिट्टीला इतका मानवला की ताईंनी तिला डबक्याची राखणदारच करून टाकलं. राखणदारानं रोज पाण्याच्या काठाकाठानं सिमेंटवर खडूनं रेघ मारायची. शेवटी शाळेत चित्रांचं प्रदर्शन, आणि त्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं चित्र सगळ्यांसमोर सांगायचं.

"मी पण सांगणार," बिट्टी म्हणाली. मी आणि हिनं एकमेकांकडे बघितलं. ही पटकन स्वयंपाकघरात गेली, कारण तिला भरून आलेलं मुलीसमोर दाखवायचं नव्हतं.

हे सगळं कशासाठी आहे, ते ताईंनी पालकसभेत नीट समजावून सांगितलं होतं म्हणे. पालकसभेला मी हजर होतो. पण त्या वेळी माझ्या डोक्यावरचा पंखा अशा आवाजात फिरत होता की मी मनातल्या मनात त्याच्याविषयीच्या पत्राचा मसुदा करत होतो. ताई थांबल्या तेव्हा मी 'आपली नम्र सूचना' इथपर्यंत आलो होतो.

चित्रकलेत मी बिट्टीला थोडी मदत करायला गेलो. आमच्या वेळी चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी. मी तिला तसा एक झकास सूर्य काढून दिला, भोवती त्रिकोणी किरणं. तिनं तो बराच वेळ बघितला. "बाबा, तू हा कुठे बघितलास?" तिनं विचारलं. "ताई म्हणतात, जे बघितलं तेच काढायचं," असं म्हणून तिनं माझा सूर्य उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर किडा काढायला घेतला. तेव्हापासून मी कलेच्या वाटेला गेलो नाही.

आणि अशा सुखाच्या दिवसांत रस्ते खात्याचं उत्तर आलं.

मी पाकीट फोडलं, वाचलं आणि क्षणभर माझा विश्वास बसेना. 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून सदर खड्डा पाहणीअंती तातडीने बुजवण्यात येईल.' आयुष्यभर वाट बघितलेलं वाक्य! रात्री जेवताना मी ते उभं राहून वाचून दाखवलं. 'गंभीर' हा शब्द मी जरा ताणूनही म्हटला.

बिट्टीचा घास हातातच राहिला. "कुठला खड्डा?"

"अगं तो मागच्या गल्लीतला, कुंपणाखालचा..." एवढं बोललो आणि मी खाली बसलो. 'अर्धा शाळेत' हे शब्द माझ्याच पत्रात होते.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं घास ताटात ठेवला आणि गप्प झाली. घरात, स्वतःच्या घरात, आमची बिट्टी गप्प बसली. झोपेतसुद्धा त्या रात्री ती काही बोलली नाही. "आयुष्यात एक तक्रार ऐकली गेली तुमची," ही म्हणाली, "ती नेमकी लेकीविरुद्ध."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी रस्ते खात्याच्या कचेरीत गेलो. 'तक्रारी' असं लिहिलेल्या खिडकीमागे एक कारकून बोटानं टेबलावरची धूळ गोळा करत बसला होता.

"तक्रार मागे घ्यायची आहे," मी म्हणालो.

त्यानं प्रथमच मान वर केली. "का? सुटली?"

"नाही. सुटू नये म्हणून आलोय."

त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली. बाईंनी आणखी कोणाला तरी हाक मारली. थोड्याच वेळात खिडकीमागे मला बघायला गर्दी जमली. "मागे घ्यायची सोयच नाही हो," कारकून हळहळून म्हणाला, "ही टाकायची खिडकी. काढायची खिडकी आपल्याकडे नाही. आजवर कोणाला गरजच पडली नाही ना."

"मग मी काय करू?"

"पहिल्या तक्रारीविरुद्ध दुसरी तक्रार करा. पण तक्रारदार वेगळा हवा. एकाच माणसाचं स्वतःशी भांडण आम्ही घेत नाही."

शेवटी मला त्यांच्या साहेबांकडे पाठवलं. साहेब सज्जन होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बिट्टी, पालथी पडलेली पोरं, परीट, आकाश. मग डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "खड्ड्यात पाणी आहे का?"

"आहे ना! पाणी आहे म्हणून तर डबकं."

"मग सध्या काळजी करू नका," साहेब म्हणाले. "पाणी असलेला खड्डा आमच्या दृष्टीनं खड्डाच नाही. तो साठा. म्हणजे पाणी खात्याचा विषय. आमचा मुकादम रोज सकाळी येऊन बघून जाईल. ओलं असेल तोवर हात लावणार नाही. सुकलं की आमचं."

मी त्यांचे हात हातात घेतले. इतका स्वच्छ, इतका माणुसकीचा नियम मी कोणत्याच खात्यात बघितला नव्हता. मला एवढंच करायचं होतं की डबकं सुकू द्यायचं नाही.

घरी येऊन मी बिट्टीला छातीठोकपणे सांगितलं, "तुझ्या डबक्याला कोणी हात लावणार नाही. बाबा आहे ना." तिनं माझ्याकडे नीट, डबक्याकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा बोलायला लागली. जेवण होईपर्यंत थांबलीच नाही. त्यात एक वाक्य होतं, "बाबा, आज ना रेघ आत आली. पाणी कमी झालं!" बोलताना तिचे डोळे केवढे तरी मोठे झाले होते. मला ते पाणावल्यासारखे वाटले. "तिला विचारून तर बघा काय वाटतंय ते," ही म्हणाली. पण असल्या नाजूक गोष्टी लहान मुलांना विचारायच्या नसतात, त्या बापानं ओळखायच्या असतात, असं माझं मत होतं.

ऊन वाढत होतं. डबकं रोज अंग चोरत होतं. मग मी सगळे झोपेत असताना, दूधवालाही यायच्या आधी, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात बादली घेऊन खाली उतरलो.

बादलीनं डबकं भरणं सोपं वाटतं. तसं ते नाही. पहिली बादली मी उत्साहाच्या भरात वरून ओतली आणि तळाचा सगळा चिखल माझ्या तोंडावर आला. दुसरी हळू ओतावी म्हणून वाकलो, तर काठावरच्या शेवाळावरून पाय सटकला आणि मी डबक्यात बसलो. डबकं भरलं, ते काही अंशी माझ्यामुळे. त्या गडबडीत सदऱ्याचं एक बटणही गेलं. वर येऊन मी अंग पुसत होतो तेव्हा बिट्टी पांघरुणात निपचित पडलेली दिसली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आपला बाप आपल्यासाठी काय करतो हे या जिवाला कधीच कळणार नाही, असा विचार येऊन माझे डोळे भरून आले.

त्या दिवशी मुकादम आला, कुंपणापाशी वाकला, "ओलं आहे" म्हणाला आणि गेला. मी बाल्कनीतून त्याला हात केला. त्यानंही केला.

अशी माझी नोकरी सुरू झाली. ऑफिसातलीपेक्षा ही कठीण होती, कारण इथे साहेब म्हणजे सूर्य. आमच्या नळाला पहाटे पाणी येण्याचा काही नेम नाही, त्यामुळे हाताला येईल ती बादली न्यावी लागे. एकदा ती हिनं कपडे भिजवायला ठेवलेली निघाली. संध्याकाळी बिट्टी आनंदानं ओरडत आली, "बाबा, आज डबक्याला फेस आला!" सगळ्या वर्गानं फेसाची चित्रं काढली होती. एका मुलानं डबक्याला ताप आलाय असं ठरवून त्याच्या कपाळावर पट्टीसुद्धा काढली होती. पुढे एकदा मी अंधारात नीळ घातलेलं पाणी ओतलं, तर पोरांनी आकाश खाली सांडलं असं ठरवलं आणि निळे खडू संपवले. आपल्या हातून कलेची इतकी सेवा होते आहे हे बघून मला मनातून बरं वाटत होतं. फक्त ताई फाटकाशी दिसल्या की जरा विचारात पडलेल्या दिसत.

मग माझी पाठ धरली. वाकता येईना. तेव्हा मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायची रबरी नळी काढली आणि वरूनच नेम धरला. नेम उत्तम होता. पण नळीच्या पिळाचा मला अंदाज नव्हता. ती एकदम सळसळली, उसळली आणि गल्लीतून सकाळच्या फेरीला निघालेले शेजारचे काका डोक्यापासून वहाणांपर्यंत न्हाऊन निघाले. मी नळीसकट बाल्कनीत आडवा झालो. खालून काकांचा आवाज आला, "काय हे! अशा उन्हाच्या दिवसांत पाणी येतंय कुठून?" मी श्वास रोखून पडून राहिलो. काका भिजलेल्या अवस्थेत डबक्यापाशी उभे राहिले. खडूच्या जुन्या रेघा पाण्याखाली गेलेल्या त्यांना दिसल्या असाव्यात. कारण संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"तुमच्यापासून मी स्फूर्ती घेतली," ते म्हणाले. "तुमच्या पत्राला उत्तर येतं तर माझ्या का येऊ नये? उन्हात डबकं वाढतंय म्हणजे खाली नळ फुटलाय. एवढ्या जोरानं पाणी उडतंय की सकाळी मी न्हालो. पाणी खात्याला आजच पत्र टाकलंय. तातडीचं."

मी त्यांना चहा दिला. साखर दोनदा घातली.

काकांच्या पत्राचीही दखल घेतली गेली! या शहरावर काय संकट आलं होतं कोण जाणे. पाणी खात्याचा माणूस कानाला लावायची लोखंडी कांब घेऊन आला, गल्लीभर जमिनीला कान लावत फिरला आणि काहीच ऐकू आलं नाही म्हणून म्हणाला, "गळती खोल आहे. सगळी गल्ली खणावी लागेल." खणायचा दिवस ठरला. तो नेमका प्रदर्शनाचा दिवस होता.

प्रदर्शनाच्या सकाळी मी बादली उचलली नाही. उचलली असती तरी उपयोग नव्हता. कुदळी घेतलेले लोक गल्लीत येऊन उभे होते. पाणी खात्याचे इंजिनियर हातात नकाशा धरून होते. पलीकडे मुकादम होता, तो रोजच्यासारखा. काका इस्त्रीचे कपडे घालून आले होते, कारण हे सगळं त्यांच्यामुळे घडत होतं. आणि कुंपणाच्या तारेवर, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेली, डबक्याची चित्रं. पालक अंगणात दाटीनं उभे, पोरं पुढे मांडी घालून बसलेली. बिट्टी माझ्या बोटाला धरून. तिनं बोट सोडलं नव्हतं. ती बोलेल असं मला आता वाटत नव्हतं, आणि त्या कुदळींकडे बघून मला तिला काय सांगावं तेही सुचत नव्हतं.

"जरा थांबाल का?" ताईंनी कुंपणापलीकडच्या इंजिनियरांना विचारलं. "मुलांना सांगू दे, मग खणा."

इंजिनियर घड्याळ बघत म्हणाले, "थांबतो. पण मला आधी एक सांगा. एवढ्या उन्हात या खड्ड्यात पाणी टिकतंय कसं?"

"तेच तर आम्हालाही कळत नाहीये हो," ताई म्हणाल्या. "आमचा सगळा उद्योगच हा होता की पाऊस संपल्यावर डबकं कसं सुकतं ते बघायचं. रोज रेघ मारायची, रेघ आत आत येणार, शेवटी तळ दिसणार, तळाला काय राहतं ते काढायचं. पालकसभेत मी सांगितलंच होतं. पण आमचं डबकं काही सुकेना. मुलं बिचारी तळाची वाट बघून दमली."

माझ्या कानात पालकसभेतला तो पंखा फिरायला लागला.

सांगून टाकावं म्हणून मी घसा खाकरला. खरंच सांगणार होतो. चारचौघांत, इंजिनियरांसमोर, मुकादमासमोर, मी भिजवलेल्या काकांसमोर सांगायचं म्हणजे शब्द जरा नीट जुळवायला हवेत, म्हणून मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी काहीतरी सुरुवात शोधत होतो. तेवढ्यात माझं बोट रिकामं झालं.

बिट्टी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली होती.

"पाणी बाबा ओततो," ती म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. घरातल्या आवाजात. मागच्या रांगेतल्या आजोबांनाही ऐकू गेलं. ताईंचा हात तोंडावर गेला. माझ्या शेजारी हिनं माझा दंड असा धरला की तो नंतर काळानिळा झाला, आणि ते रागानं नव्हतं.

मग बिट्टी कुंपणाजवळ गेली आणि आपली चित्रं एकेक दाखवायला लागली. "हे डबकं. हे उलटं कुंपण. हा बाबा. त्याची बादली. इथे बाबा पडला. इथे आईचा साबण. हे निळं पण बाबानं केलं. आणि इथे बाबा वरून काकांना भिजवतो."

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी होतो. पट्ट्यांचा पायजमा होता. पोट होतं, ते मोजून घेतल्यासारखं. डोक्यावरचं टक्कल, जे मी कंगव्यानं फार कौशल्यानं झाकतो, ते तिनं बाल्कनीतून वरून बघितल्यामुळे तंतोतंत काढलं होतं. ती पहाटे निपचित पडायची ती फक्त माझी पावलं जिन्यावर वाजली की, हे मला आता कळलं.

"अगंबाई, हे बाबा होय!" ताई म्हणाल्या. "मी इतके दिवस झाड समजत होते."

"म्हणजे ते तुम्ही होतात?" काका म्हणाले. त्यांची एकुलती एक यशस्वी तक्रार डोळ्यांदेखत बुडत होती आणि मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलं.

"बिट्टी," मी कसाबसा म्हणालो, "अगं मग आधी का नाही सांगितलंस?"

तिला माझ्या अज्ञानाचं आश्चर्य वाटलं. "बघायच्या वेळी बोलायचं नाही, बाबा. आज सांगायचा दिवस आहे." मग सगळ्यांसमोर माझ्यावर बोट रोखून, "आता ओतू नकोस हं. आम्हाला तळ बघायचाय."

टाळ्या वाजल्या. कुदळवाल्यांनीही वाजवल्या. लोक माझ्याकडे बघून हसत होते आणि माझ्या प्रतिष्ठेचं जे काही व्हायचं ते झालं होतं. पण माझी पोर वर्गासमोर उभी राहून बोलत होती आणि थांबत नव्हती. मी तिथे तोंड लपवून उभा होतो, तो डोळे पुसायला. इंजिनियरांनी नकाशा गुंडाळला, माझ्याकडे एक कडक नजर टाकली आणि जाता जाता निळ्या डबक्याचं चित्र मागून घेतलं. मुकादम मात्र आनंदात होता. "मग आता सुकणार ना? सुकलं की आमचं."

हे संकट तसंच उरलं होतं. आता मी ओतत नव्हतो आणि डबकं झपाट्यानं आटत होतं. रेघा आत आत येत गेल्या. एका वर्तुळात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. शेवटी तळ दिसला. त्यात भेगा होत्या, परटाच्या पायाचे ठसे होते आणि माझ्या सदऱ्याचं बटण होतं. पोरांनी पालथं पडून भेगा काढल्या, ठसे काढले, बटण काढलं. त्या बटणाचं चित्र बिट्टीनं मला भेट दिलं. ते माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे.

मग एका सकाळी खडीनं भरलेली लॉरी आली. पोरं कुंपणापाशी गोळा झाली. मी ऑफिसला निघता निघता थांबलो. जे बघायचं होतं ते बघून झालं आहे, अशी मी मनाची समजूत घालत होतो. मुकादमानं हात वर करून लॉरी मागे घ्यायला सांगितलं.

"थांबा!" बिट्टी ओरडली. "आमचं बघून संपलं नाहीये. इथे बघा."

मुकादम वाकला. भेगेतून एक कोंब वर आला होता. वाऱ्यानं आलेलं असेल, पाखरानं टाकलेलं असेल, नाहीतर कुठल्या तरी बादलीतून माझ्याच हातून पडलेलं असेल. दोन पानं, नखाएवढी. मुकादम गुडघ्यावर बसला. त्यानं बराच वेळ त्या पानांकडे बघितलं, मग टोपी मागे सारून डोकं खाजवलं.

"हिरवं आलंय," तो म्हणाला. "हिरव्याला आम्ही हात लावत नाही. ते उद्यान खात्याचं." आणि त्यानं लॉरी परत पाठवली.

उद्यान खातं तक्रार आल्याशिवाय कुठेच जात नाही, आणि आमच्या गल्लीत तक्रार करणारे दोघेच. काकांनी पेन उचलायचं नाही अशी शपथ घेतली आहे. माझ्याबद्दल विचाराल तर मी सध्या संध्याकाळी बिट्टीबरोबर कुंपणापाशी पालथा पडून त्या कोंबाचं चित्र काढतो. मला पानं नीट जमत नाहीत. बिट्टी म्हणते मी बघत नाही, आठवून काढतो.

परवा शाळा सुटताना ताईंनी मला फाटकाशी थांबवलं. चेहरा गंभीर होता. "जरा बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "बिट्टी वर्गात सारखी बोलते. गोष्टीच्या वेळी बोलते, खाऊच्या वेळी बोलते, झोपायच्या वेळी शेजारच्यांना उठवून बोलते. तुम्ही घरी जरा समज द्याल का?"

आत कुठेतरी बिट्टीचा आवाज चालूच होता. मी तो थोडा वेळ ऐकला. मग घसा साफ केला आणि ऑफिसात देतो तेच उत्तर ताईंना दिलं, "आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे."

आणि त्यावर मी आजतागायत काहीही केलेलं नाही.